ऑस्ट्रेलियात कमी विषय घेऊनही विद्यार्थी भत्ता कसा टिकवावा

ऑस्ट्रेलियात 24 वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्याला यूथ अलाउन्स आणि 25 वर्षांपासून पुढे ऑस्टडी मिळतो. दोन्ही भत्ते सेंटरलिंक या सरकारी मदत देणाऱ्या यंत्रणेमार्फत दिले जातात. त्यासाठी पूर्णवेळ शिक्षणाची, म्हणजे नेहमीच्या पूर्ण अभ्यासभाराच्या किमान 75 टक्के भाराची अट असते, आणि सत्राला चार समान विषय असतील तर तीन विषयांनी ती पूर्ण होते.

तेवढेही झेपत नसेल, तर विषय सोडण्यापूर्वी सवलतीच्या अभ्यासभाराची चौकशी करावी. अभ्यासक्रमाच्या नियमांमुळे किंवा संस्थेच्या शैक्षणिक सल्ल्यामुळे भार कमी करावा लागला, तर 66 टक्क्यांची मर्यादा लागू होऊ शकते. हा सल्ला संस्थेकडून लेखी घ्यावा, कारण प्राध्यापकांच्या तोंडी आश्वासनावर अर्ज उभा राहत नाही. गंभीर शारीरिक, मानसिक किंवा बौद्धिक अपंगत्वामुळे पूर्णवेळ शिकणे शक्य नसेल, तर वैद्यकीय पुराव्याच्या आधारे ही मर्यादा 25 टक्क्यांपर्यंत खाली येते. केवळ नोकरीसाठी विषय कमी करणे मात्र सवलतीचे कारण ठरत नाही.

अभ्यासभार बदलल्यास 14 दिवसांच्या आत कळवावे, अन्यथा जास्त मिळालेली रक्कम परत करावी लागते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मराठी मुलांना हे भत्ते मिळत नाहीत, आणि नव्याने कायम निवासी झालेल्यांनाही सहसा चार वर्षे थांबावे लागते.