कोटेशन एका ओळीत आलं, तर मिस्त्रीला परत पाठवा

जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, 'माझ्याकडे एक माणूस आहे, स्वस्तात करून देतो.' हा माणूस मला पहिल्याच खेपेला भेटला होता. त्यानंतर सासूबाईंचं आणि भावाचं अशी आणखी दोन घरं मी स्वतः उभी राहून करून घेतली, तेव्हा कुठे शहाणपण आलं.

१. आधी यादी

काय तोडायचं, काय ठेवायचं ते लिहून काढा. पंधरा टक्के पैसे बाजूला ठेवा, कारण जुन्या इमारतीत टाइल काढली की मागचं प्लास्टर हातात येतं. भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. मिस्त्री भिंतीवर दोनदा टकटक करतो आणि 'काही होत नाही' म्हणतो, त्यावर जाऊ नका.

२. माणसं

आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते, इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही. म्हणून कार्डावरच्या पदवीपेक्षा काम बघा. तेही नवं कोरं नको, दोन वर्षं वापरात असलेलं. दरवाजाच्या चौकटीचा खालचा भाग फुगलाय का ते बघा आणि जमलं तर खालच्या मजल्यावरचं छतही बघून या. ज्याला असं घर दाखवता येत नाही, त्याला काम देऊ नका.

३. कोटेशन

खरी मेख इथेच आहे. मला आलेलं कोटेशन असं होतं: 'बाथरूम पूर्ण, मटेरियलसकट.' खाली एक रक्कम. मी खूश! काम सुरू झाल्यावर कळलं की तोडफोड त्यात आहे, पण राडारोडा उचलणं नाही. पाइप आहेत, पण गरम पाण्याचा सीपीव्हीसी (उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप) नाही. आणि वॉटरप्रूफिंग? 'ताई, सिमेंटात पावडर टाकलीय, थेंब जायचा नाही.'

तिसऱ्या आठवड्यात खालच्या काकूंनी बोलावलं. त्यांच्या छताला, दिव्याच्या होल्डरशेजारी, बशीएवढा ओला डाग आणि त्याच्या कडेला लोंबणारा एक थेंब. काकू काही बोलल्या नाहीत, नुसती बादली पुढे सरकवली. नव्या टाइल फोडल्या, कोबा उकरला आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून निघून जातं त्या तोंडाच्या, भोवती बोट जाईल एवढी फट निघाली. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) घरातल्या अशा गळतीचा खर्च सभासदाच्याच माथी असतो, तेव्हा भांडायलाही जागा नव्हती.

म्हणून प्रत्येक कामाची वेगळी ओळ मागा: तोडफोड, राडारोडा खाली नेऊन टाकणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल, फिटिंग. प्रत्येकापुढे माप, दर आणि कंपनीचं नाव हवं. 'चांगल्या क्वालिटीचा पाइप' हे लिहिण्यात काही अर्थ नाही. विजेत गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर, प्लगला २.५, दिव्यांना १.५ असं लिहून घ्या. कपाटाला पाणी लागणार असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, प्लाय. नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' म्हणाला की समजायचं, स्वस्तातला येणार. तीन कोटेशनं घ्या, पण सगळ्यांना एकच यादी देऊन. नाहीतर तुलना कसली करणार?

आता पैसे. 'निम्मे आधी द्या' म्हणणाऱ्याला मी दारातूनच नमस्कार करते. दहा टक्के सुरुवातीला, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यांवर. त्यातला एक टप्पा पाण्याच्या चाचणीचाच हवा. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपचं तोंड बुजवायचं, उंबऱ्याशी विटांचा बांध घालायचा, दोन इंच पाणी भरायचं आणि पाण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची, म्हणजे पाणी उतरलं तर कळतं. ४८ तास. रेघ मी स्वतः मारते, तारीख-वेळ टाकून फोटो काढते, दुसऱ्या दिवशी खालच्या घरी जाऊन छत बघते. 'रात्री भरलं होतं, ठीक आहे' हे तोंडी सांगणं चालत नाही. चाचणी होईपर्यंत एकही टाइल लावू द्यायची नाही. मिस्त्री कुरकुरतो, 'दोन दिवस पोरं बसून राहतील' म्हणतो. बसू देत.

४. बाकीचं

टाइल लावताना ढाळ बघा. सहा फुटांच्या बाथरूमला ट्रॅपकडे साधारण एक इंच उतार पुरतो. तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघितलं की कळतं. रंग, नळ, आरसा यांत चुकण्यासारखं काही नाही.

शेवटचे दहा टक्के महिनाभर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर द्यायचे. भावाच्या घरी मी ते देण्याआधी खालच्या काकांकडे चहाला गेले, कप हातात घेऊन त्यांच्या बाथरूमच्या छताकडे बघत. काकांना वाटलं, मला त्यांचा रंग आवडला.