वारशाने आलेल्या कालप्रवासाची कुमार कादंबरी कशी लिहावी

नायिका पंधरा-सोळाची, मागच्या काळात जाण्याची शक्ती तिच्या रक्तातच, एवढं तुम्ही ठरवलेलं असणारच. जादूचं लॉकेट देण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. वस्तूत शक्ती असेल तर ती चोरालाही मिळते, मग घराण्याचं काम काय?

आधी वारशाचा नियम पक्का करा. 'आमच्या घरात आहे' हा नियम नव्हे. दहा पिढ्या मागे गेलं की कागदावर १०२४ पूर्वज होतात. त्यांतल्या एकाची शक्ती आज नेमकी हिच्यातच का? मला मायटोकाँड्रियाच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांच्या) डीएनएचा नमुना सोयीचा वाटतो. तो आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे जातो फक्त मुलीकडून. म्हणजे मामाला शक्ती आहे, त्याच्या मुलांना नाही. खलनायक शोधायला बाहेर जायला नको.

आता खरी अडचण. हीच शक्ती आजीतही होती. तरुणपणी तिला मागच्या काळात आलेली नात भेटली असेल, तर पुढे काय घडणार हे आजीला ठाऊक आहे. मग ती गप्प का बसली? बहुतेक हस्तलिखितं इथेच कोसळतात. कुणी पहिल्याच प्रकरणात आजीला मारतं, कुणी तिची स्मृती घालवतं, कुणी 'सांगायला मनाई आहे' म्हणणारं गुप्त मंडळ उभं करतं. तिन्ही पळवाटा आहेत. मंडळ तर सगळ्यांत वाईट, कारण मग वाचक आजीवर रागावूच शकत नाही.

इगोर नोविकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेलं सुसंगतीचं तत्त्व इथे उपयोगी पडतं: भूतकाळात जाऊन तुम्ही जे कराल, ते आधीच घडून गेलेलं असतं. पण ते जसंच्या तसं उचललंत तर नायिका नशिबाची कठपुतळी होते. म्हणून घटना पक्की ठेवा, तिच्यामागचं कारण मोकळं ठेवा. सतरा वर्षांच्या आजीने दारात रडणारी एक अनोळखी मुलगी पाहिली, एवढंच तिला माहीत. ती का रडत होती याचा तिने लावलेला अर्थ चुकीचा होता, आणि त्याच अर्थावर तिने पुढचं आयुष्य, लेकीशी असलेलं भांडणसुद्धा, उभं केलं. आता तिचं मौन तिचं स्वतःचं आहे आणि त्याची किंमत तिच्या लेकीने मोजली आहे.

हे साधायचं तर प्रत्येक भेट दोनदा लिहा: नातीच्या बाजूने आणि आजीच्या. आजीची बाजू छापायची नसली तरी पूर्ण लिहा, आणि तीच आधी. 'नंतर जुळवू' म्हणणाऱ्यांचं नंतर जुळत नाही. सोबत तक्ता ठेवा: एका रकान्यात जगाची तारीख, दुसऱ्यात त्या पात्राचं स्वतःचं वय.

भूतकाळ बदलू द्यायचाच असेल, तर आजीचं लग्न मोडल्यावर नातीची शक्ती कुठून येते ते लिहायला बसण्यापूर्वी ठरवा. उत्तर नसेल तर तो मार्ग सोडा.

तारखा तपासा. दिनदर्शिका बदलताना इटली, स्पेनमध्ये १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. ब्रिटनने असे दिवस १७५२ मध्ये गाळले.

बाकी प्रकरणं सरळ लिहीत जा. खर्डा झाला की नायिकेच्या वयाच्या कुणाला तरी वाचायला द्या आणि आजी गप्प का राहिली एवढंच विचारा. उत्तर 'तसा नियम होता' असं आलं, तर दारातला प्रसंग पुन्हा लिहा.