पावसाळ्यात घरचे गॅरेज कोरडे ठेवण्यासाठी ऊब कशी द्यावी

गोव्यात गॅरेजला ऊब लागते ती पावसाळ्यात. मृगाचा पाऊस सुरू झाला की जांभ्या चिऱ्याच्या भिंती पाणी शोषतात, हत्यारांना गंज चढतो, गाडीच्या आसनांवर बुरशी धरते आणि गणेश चतुर्थीसाठी जपून ठेवलेल्या माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगायच्या लाकडी चौकटीलाही कुबट वास येऊ लागतो.

उष्णतेचा पहिला विचार करण्याआधी ओल कुठून येते ते पाहावे. प्लास्टिकचा एक चौरस तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी तो उचलावा. थेंब खालच्या बाजूस असतील तर ओल जमिनीतून येते, वरच्या बाजूस असतील तर ती हवेतली आहे. जमिनीतल्या ओलीवर हीटर लावणे म्हणजे पैसे वाहून जाऊ देणे होय. तिथे पन्हळी, गटारे आणि भिंतीलगतचा उतार आधी दुरुस्त करावा, फुटलेली कौले बदलावीत आणि चिऱ्याला सिमेंटऐवजी चुना द्यावा, कारण चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. भिजलेली गाडी पोर्चमध्ये निथळू देऊन मगच आत घ्यावी.

ओल हवेतलीच असेल तर थोडी ऊबही पुरते. २६ अंशांवर ९० टक्के आर्द्र असलेली हवा २९ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर येते. मात्र त्यासाठी संपूर्ण गॅरेज तापवण्याची गरज नाही. हत्यारांच्या बंद कपाटात जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा बल्ब, जाळीच्या आवरणात आणि कापड, कागद, लाकूड यांपासून दूर, लावावा. एलईडीची ऊब पुरेशी नसते. २००० वॉटचा हीटर एका तासात जेवढी वीज खातो, तेवढ्यात हा बल्ब ३३ तास चालतो. संपूर्ण जागाच कोरडी करायची असेल, तर दारे-खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर चालवणे मला हीटरपेक्षा अधिक योग्य वाटते, कारण हीटर ओल खोलीतच ठेवतो, तर हे यंत्र तिचे पाणी करून बाहेर काढते.

आता सुरक्षिततेविषयी, आणि इथे काटकसर मुळीच करू नये. कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी बंद गॅरेजमध्ये पेटवू नये आणि गाडीचे इंजिनही चालू ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, म्हणून प्लग, स्विच आणि तापणारी उपकरणे जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच बसवावीत आणि पेट्रोलचे कॅन आत ठेवूच नयेत. हीटर लावायचाच असेल तर त्याला १६ अँपिअरचे सॉकेट हवे. एक्स्टेंशन बोर्डावर तो लावू नये. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाला विजेचा धक्का जीवघेणा ठरू शकतो, म्हणून त्या वायरिंगवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, जाणकार इलेक्ट्रिशियनकडून मे महिन्यातच बसवून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा त्याचे टेस्ट बटण दाबून तो ट्रिप होतो का, ते पाहावे.