घरच्या कोंबड्यांत नवे कोंबडे माजायला लागले की काय करायचं

फेब्रुवारीत खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली अंडी ठेवली असतील तर २१ दिवसांनी पिल्लं निघतात आणि त्यातले साधारण निम्मे नर असतात, हे धरूनच चाला. खरा त्रास जून-जुलैत सुरू होतो, सगळे एकदम वयात येतात, तलंगांच्या (तरुण माद्यांच्या) मागे धावतात, खाद्याच्या भांड्यावर मारामारी आणि पहाटे चारला आरवणं. नाशिकच्या म्हसरूळ, मखमलाबादसारख्या ठिकाणी रो हाऊसमागे कोंबड्या पाळल्या असतील तर शेजारी गेटवर आलेच समजा.

नर ओळखायला आरवायची वाट बघू नका. दीड-दोन महिन्यांत ज्याचा तुरा लवकर मोठा आणि लाल होतो तो बहुतेक नर, पण गिरिराज, वनराज, गावरान अशा जाती सगळ्या मिक्स असतील तर तुऱ्यावर फसायला होतं. तीन महिन्यांच्या आसपास शेपटीच्या बुडाशी, कंबरेवरची पिसं बघा, नराची लांब आणि टोकदार, तलंगेची गोल टोकाची. ही खूण पक्की.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दोन ठेवायचे तर जागा मोकळी पाहिजे आणि खाद्य-पाणी दोन ठिकाणी, नाहीतर दबलेला उपाशी राहतो. कोंबड्यांची पाठ उघडी पडली, मानेमागची पिसं गेली की समजायचं नर जास्त झालेत, तिथे मलम लावत बसण्यापेक्षा नर कमी करा.

आता ठेवायचा कुठला. लोक सगळ्यात दांडगा, रंगीत ठेवतात, मला ते पटत नाही. मूठभर ज्वारी टाका आणि बघा, जो स्वतः न खाता कुक कुक करून कोंबड्यांना बोलावतो, दाणा चोचीत उचलून परत टाकतो, वर घार दिसली की आधी आवाज देतो, तो ठेवा. पोरांच्या पायावर झेपावणारा कितीही देखणा असला तरी नको. थोडा आगाऊ असेल तर लाथ मारू नका, पळूही नका, शांतपणे धरून काखेत दाबून फिरवा, काही सुधारतात, काही नाही.

बाकीचे लगेच विकायचे नसतील तर वेगळ्या खुराड्यात सगळे नर एकत्र ठेवा, कोंबड्या नजरेआड असल्या की भांडणं बरीच कमी होतात. त्यांना लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) नको, त्यात कॅल्शियम जास्त असतं, नरांच्या किडनीला ते बरं नाही. ग्रोअर फीड (वाढत्या कोंबड्यांचं खाद्य) किंवा मका-ज्वारी, सोबत हिरवा पाला.

विकायचे तर आखाडात. घोटी, हरसूलकडच्या बाजारात न्या किंवा ओळखीत द्या, गावरान कोंबड्याला तेव्हा चांगली मागणी असते आणि श्रावण लागला की गिऱ्हाईक गायब, मग महिनाभर फुकट दाणे घालत बसा.

जो ठेवलाय त्याला रात्री अंधार होईल अशा बंद खुराड्यात कोंडा. आरवायचं तो सोडणार नाही पण आवाज बाहेर कमी जातो. आणि नर काढल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी फळलेली निघू शकतात, त्यामुळे दुसऱ्या कोंबड्याची पिल्लं हवी असतील तर तेवढे दिवस अंडी खाऊन टाका, मग खुडूक बसवा.