डिपस्टिक नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल कसे तपासावे आणि बदलावे

जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये इंजिनाप्रमाणेच गिअरबॉक्सलाही डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी पाहण्याची पट्टी, असे. आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये ती नसते, त्यामुळे ऑईलची पातळी गाडीखाली शिरून, गिअरबॉक्सच्या तळाशी किंवा बाजूला असलेल्या ओव्हरफ्लो प्लगमधूनच (जास्तीचे ऑईल बाहेर पडण्याच्या छिद्राचे बूच) तपासावी लागते. येथे दिलेली रीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे. सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा व पुलींवर चालणारा) आणि ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला) गिअरबॉक्सचे ऑईल व पद्धत वेगळी असते. एएमटी (क्लच व गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा जोडलेला) हा तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असल्याने हे ऑईल त्यात घालू नये.

अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हे ऑईल आयुष्यभर पुरते असे सुचवलेले असते. मात्र गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा ऑईल बदलण्याची शिफारस करते, आणि माझ्या मते विश्वास तिच्यावर ठेवावा. घाटातला चढ, भरलेली गाडी आणि शहरातली रखडत चालणारी वाहतूक यांमुळे ऑईल तापते व लवकर जुने होते, म्हणून अशा वापरात मुदतीची खालची मर्यादाच धरावी. गिअर आधीच घसरत असतील किंवा गाडी पुढे जाण्यास उशीर लागत असेल, तर आधी गिअरबॉक्सची तपासणी करून घ्यावी, कारण झिजलेले क्लच नव्या ऑईलने दुरुस्त होत नाहीत.

ऑईल निवडताना रंगाकडे नव्हे, डब्यावर छापलेल्या मानकाकडे पाहावे. टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईचे एसपी-४ आणि जनरल मोटर्सचे डेक्सरॉन-६ यांचे गुणधर्म सारखे नसतात, आणि लाल रंग हा केवळ मिसळलेला असतो.

या सर्व कामातला कळीचा भाग म्हणजे तापमान. ऑईल तापले की फुगते, त्यामुळे गिअरबॉक्समधील ऑईल तेवढेच असूनही गार असताना पातळी खाली आणि गरम असताना वर दिसते. म्हणून उत्पादक पातळी तपासण्यासाठी तापमानाचा ठरावीक पट्टा देतात, जो बहुधा ३० ते ५० अंश सेल्सिअसच्या आत येतो. हे तापमान ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून माहिती वाचणारे उपकरण) गिअरबॉक्सच्या ऑईलचे म्हणून वाचावे. इंजिनाच्या कूलंटचे वाचून चालणार नाही. येथे आपल्या हवामानाचाही विचार करावा लागतो: विदर्भात मे महिन्यातील दुपारी उभ्या गाडीतील ऑईलही या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ असू शकते, आणि इंजिन सुरू करताच काही मिनिटांत ते पट्ट्याबाहेर जाते. तेथे हे काम पहाटे करणेच योग्य.

गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, मजबूत स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही जाऊ नये. एक बाजू कलती राहिली तर पातळीही चुकते. प्रथम ऑईल भरण्याचा प्लग उघडावा, कारण तो गंजून अडकलेला असेल आणि ऑईल आधीच काढून टाकले असेल, तर गाडी जागेवरच अडकून पडते. मग ड्रेन प्लग (ऑईल काढून टाकण्याच्या छिद्राचे बूच) काढून कोमट ऑईल मापाच्या भांड्यात घ्यावे. काही गिअरबॉक्समध्ये ड्रेनच्या छिद्रातच ओव्हरफ्लोची नळी बसवलेली असते. ती ॲलन कीने काढल्याशिवाय सगळे ऑईल बाहेर येत नाही, आणि हे ठाऊक नसेल तर थोडे ऑईल पडताच काम झाले असे वाटते. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचे ऑईलचे भांडे) उघडल्यास आतील चुंबकांवरची राखाडी मऊ गाद सामान्य समजावी, पण धातूचे कण किंवा चकत्या दिसल्यास काम थांबवून जाणकाराला दाखवावे. फिल्टर आणि गॅस्केट बदलावे. झेडएफच्या अनेक गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या चेंबरचाच भाग असल्याने अख्खे चेंबर बदलावे लागते.

नळी पुन्हा बसवून, जेवढे निघाले तेवढेच ऑईल पंपाने भरावे. एका सहकाऱ्याने ब्रेक दाबून इंजिन सुरू करावे आणि गिअर लिव्हर प्रत्येक स्थानी काही सेकंद थांबवत पार्कवर परत आणावा. इंजिन चालू असतानाच, ठरलेल्या तापमानाला ओव्हरफ्लो प्लग उघडावा. ऑईलची धार लागली तर ती थेंबांवर येईपर्यंत थांबावे आणि प्लग लावावा. काहीच आले नाही तर प्लग लावून थोडे ऑईल भरून पुन्हा पाहावे. वॉशर नवेच वापरावेत आणि प्लग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत. काही गाड्यांत पातळी तपासण्याची पद्धत वेगळी किंवा इंजिन बंद ठेवून असते, म्हणून त्या मॉडेलची पुस्तिका समोर ठेवूनच काम करावे.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच जुने ऑईल अडकून राहते, त्यामुळे एकदा केलेल्या बदलाने सगळे ऑईल नवे होत नाही. गाडी काही दिवस चालवून पुन्हा एकदा बदल करणे हा साधा उपाय आहे. अनेक वर्षे न बदललेल्या गिअरबॉक्सला यंत्राने दाब देऊन धुण्यापेक्षा तो मला अधिक सुरक्षित वाटतो. निघालेले ऑईल हा कायद्याने घातक कचरा ठरतो, तेव्हा ते गटारात न ओतता बंद डब्यात भरून वापरलेले ऑईल स्वीकारणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.