दात खाणे, हसताना दिसणाऱ्या हिरड्या आणि बोटॉक्स: इंजेक्शन घेण्यापूर्वी

बोटॉक्सचे नाव निघाले की सुरकुत्या आठवतात; परंतु अमेरिकेत १९८९ मध्ये या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी. हे औषध मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन बाहेर पडू देत नाही, त्यामुळे ज्या स्नायूत ते टोचले जाते तो साधारण तीन ते चार महिने कमी जोराने आवळला जातो. दात, हिरडी किंवा जबड्याचा सांधा यांवर त्याने थेट काही उपचार होत नाही, आणि इंजेक्शनचा निर्णय याच मर्यादेवरून घ्यावा.

झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर आधी झिजलेले दात व तडकलेली फिलिंग तपासून घ्यावीत, घोरणे किंवा झोपेत श्वास अडखळणे आहे का ते पाहावे, आणि नैराश्यावरची गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण काही गोळ्यांमुळेही दात खाल्ले जातात. पहिला उपाय नाइट गार्डचाच, म्हणजे झोपताना दातांवर बसवायच्या कवचाचाच असावा, असे माझे ठाम मत आहे. तरीही जबडा दुखत राहिला, तर इंजेक्शनचा विचार करावा. दात घट्ट आवळून गालाच्या मागच्या भागावर बोटे ठेवली की जो स्नायू टणक लागतो, तो मॅसेटर. औषध तिथे टोचतात. सुई फार पुढे गेली, तर हसू वाकडे होऊ शकते. इंजेक्शनमुळे आवळण्याचा जोर कमी होतो, सवय मोडतेच असे नाही. म्हणून नाइट गार्ड वापरणे थांबवू नये.

हसताना हिरड्या जास्त दिसत असतील, तर त्याचे कारण आधी नक्की करून घ्यावे. वरचा जबडा उभा वाढलेला असेल किंवा हिरडीने दात झाकलेले असतील, तर इंजेक्शन हा खरा उपाय नव्हे. ओठ फार वर खेचला जात असेल, तरच नाकपुडीच्या बाजूला दिलेली अल्प मात्रा उपयोगी पडते. सुरुवात कमी मात्रेनेच करावी, कारण ओठ वाकडा झाला तर असर ओसरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी आणि टोचण्याच्या जागी संसर्ग असणाऱ्यांनी हे इंजेक्शन टाळावे. नंतर त्या दिवशी ती जागा चोळू नये. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, तो पुरता दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. तेव्हा पुन्हा दाखवून यावे. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

औषधाची मात्रा युनिटमध्ये मोजतात, पण एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटइतके नसते. म्हणून ब्रँड, बॅच क्रमांक, युनिटे आणि टोचण्याच्या जागा कागदावर लिहून घ्याव्यात, आणि पुढचे इंजेक्शन तीन महिन्यांच्या आत घेऊ नये.