जूनमध्ये केजीला जाणार असेल तर एप्रिललाच लागा

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आणि आपल्याकडे खानदेशात त्याआधीचे दोन महिने ऊन, लग्नं आणि बिबडे (ज्वारीचे पापड) यांत कसे जातात ते सांगायला नको. म्हणून एप्रिल लागला की सुरू करा. एबीसीडी, शंभरपर्यंत आकडे, रंग, कविता हे सगळं सोडा. त्यासाठीच तर शाळेला फी देतोय. वयाचं मात्र आधी बघून घ्या. महाराष्ट्रात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी तीन आणि ज्युनिअर केजीसाठी चार वर्षं पूर्ण धरतात. म्हणजे एकाच वर्गात जानेवारीचं आणि डिसेंबरचं मूल शेजारी बसतं, जवळजवळ वर्षाचं अंतर. आपलं डिसेंबरचं असेल तर शेजारच्या पोराशी तुलना करत बसू नका. जन्मदाखला, आधार, फोटो, गणवेश, दप्तर: ठीक आहे, घ्या.

आता मुद्द्याचं. मुलाला घराबाहेरच्या मोठ्या माणसाकडे तोंडाने मागता आलं पाहिजे. शू लागली. पाणी पाहिजे. डबा उघडत नाही. पोट दुखतंय. हा मला मारतो. एवढ्या पाच गोष्टी, ऐकू जाईल अशा आवाजात, आपण जवळ नसताना. माझ्या मोठ्या मुलाच्या वेळी बाकी सगळं झालं होतं, हेच राहिलं. शाळा सुटेपर्यंत तो शू दाबून बसायचा. डबा भरलेला परत यायचा, मी समजायचे भाजी आवडली नाही, म्हणून रोज नवीन भाजी. आणि झाकण घट्ट होतं! लघवीला जळजळ व्हायला लागली, डॉक्टरकडे नेलं, तेव्हा उलगडा झाला. घरात तर त्याचं तोंड बंद नसायचं, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. बोलका असणं वेगळं आणि परक्याकडे मागता येणं वेगळं, एवढं लक्षात ठेवा.

आपल्या घरांत मुलाला मागावंच लागत नाही. पोऱ्याने जरा पाय हलवले की आजी मोरीकडे घेऊन जाते, फ्रीजकडे बघितलं की काकू ग्लास भरते. वर्गात पंचवीस-तीस पोरं आणि एक बाई. तिथे पाय हलवलेले कोण बघणार? त्यामुळे पहिली तयारी मुलाची नाही, आजीची. सासूबाईंना समजावणं हे या यादीतलं सगळ्यात अवघड काम आहे, आधीच सांगते. मूल बोलेपर्यंत हातात काही द्यायचं नाही एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घ्या. थोडी कुरकूर होईल, होऊ द्या.

मग रोजचा सराव. किराणा दुकानात न्या आणि मागायचं काम त्याला द्या. ‘काका, एक बिस्किटचा पुडा द्या.’ दुकानदार तुमच्याकडे बघेल, तुम्ही दुसरीकडे बघा. मूल तुमच्या साडीत, ओढणीत तोंड लपवेल, मग तुम्हाला राहवणार नाही आणि तुम्हीच बोलून टाकाल. इथेच सगळे चुकतात. गप्प उभं राहायचं. मनात दहापर्यंत मोजा, पुन्हा दहापर्यंत मोजा. नाहीच बोललं तर पुडा न घेता घरी या, रागवू नका, उद्या परत जा. ओळखीच्या दुकानापासून सुरू करा, मग शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन धाडा, मग रसवंतीवर स्वतःचा ग्लास स्वतः मागू दे, मग लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडे पुरी. लग्नाची पंगत फार कामाची: गोंगाट, अनोळखी माणसं, आणि वाढपी थांबत नाही. वर्गही साधारण असाच असतो. लाजरं मूल असेल तर महिना लागेल, लागू द्या. चारचौघांत ‘आमचा फार लाजाळू आहे हो’ म्हणू नका, ते मुलाला ऐकू येतं आणि त्याला सुटका मिळते.

सोबत हेही शिकवा की मागायचं कोणाकडे. शाळेत बाईंकडे आणि मावशींकडे. रस्त्यावर कोणी काही देऊ केलं तर नाही. आणि शाळेतून न्यायला आई, बाबा, आजोबा, ठरलेले रिक्षावाले काका, यांच्याशिवाय कोणाबरोबर जायचं नाही. मागायला शिकवलं म्हणून मूल कोणाच्याही मागे जाईल ही भीती मलाही होती, पण ही दोन्ही गणितं मुलाला वेगवेगळी कळतात, फक्त दोन्ही सांगावी लागतात.

घरी अहिराणी बोली असेल तर आणखी एक. आमच्याकडे पोरं ‘माले पानी जोयजे’ म्हणतात. जळगाव-धुळ्यातल्या बऱ्याच बाईंना ते कळतं. पण बाई बाहेरून आलेल्या असल्या, किंवा इंग्रजी माध्यम असलं, तर पोरगं मागून मागून थकतं आणि मग मागणं सोडून देतं. नंदुरबारकडे भिली-पावरी बोलणाऱ्या घरांत हे अंतर आणखी मोठं. म्हणून घरातली भाषा बंद करायची नाही. लहान मुलं दोन भाषा सहज सांभाळतात, घरची बंद केलीत तर मूल दोन्हीकडे गप्प होईल. वरची पाच वाक्यं तेवढी बाईंच्या भाषेत पाठ करून घ्या, आणि शू-शीला तुमच्या घरात जे काही म्हणतात ते बाईंना स्वतः जाऊन सांगा. लाजू नका, त्यांनी बरंच काही ऐकलेलं असतं.

इतर मुलांत खेळणं. यात आयांची अपेक्षा फार असते आणि धीर कमी. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाची वर्गवारी मांडली होती: एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचं नुसतं बघणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, आणि त्यानंतर कुठे मिळून खेळणं. अडीच-तीन वर्षांचं मूल दुसऱ्याच्या शेजारी बसून आपलंच काही करत असेल तर त्यात बिघडलं काही नाही. ‘दे त्याला तुझी गाडी, शहाणा ना तू’ करून हातातलं ओढून देऊ नका. त्यातून वाटून घेणं शिकत नाहीत, घट्ट धरून ठेवणं शिकतात. त्याऐवजी पाळी शिकवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोके बांधले की आयती शाळा. मोठ्याने मोजत दहा झोके, मग उतरायचं, मग पुढचा. मोजल्यामुळे मुलाला शेवट दिसतो, आणि शेवट दिसला की वाट बघता येते. ‘तुझं झालं की मला दे’ हे वाक्य तिथेच रुजवा. बघा, हेही मागणंच आहे. ढकलणारी, चावणारी मुलं बहुतेक वेळा हेच वाक्य तोंडात नसलेली असतात. ‘नको, थांब, मला लागतंय’ हेही पाठ हवं, गरीब स्वभावाच्या मुलाला तर आधी.

एक गफलत होते. आखाजीला आत्या येतात, मे महिन्यात मामाकडे जाणं होतं, दहा-बारा चुलत-मावस भावंडं जमतात आणि आपल्याला वाटतं की पोरगं चांगलं मिसळतंय. ती सगळी घरची. तिथे भांडण झालं की प्रत्येकाची आई धावून येते. अनोळखी मुलं पाहिजेत: गल्लीतली, बागेतली, जळगावात मेहरूण तलावावर संध्याकाळी येणारी. बिबडे घालायला बायका ज्या गच्चीवर जमतात तिथे प्रत्येकीचं एक तरी पोर असतंच, सकाळी ऊन चढायच्या आत त्यांना एकत्र सोडा आणि तुम्ही थापण्याकडे बघा. रडणं आणि ओरडणं यांत फरक ओळखा. रक्त नसेल तर उठू नका. खेड्यात असाल तर वर्षभर आधीच अंगणवाडीत पाठवा, तिथली बालवाडी तीन ते सहा वयासाठीच आहे. नंतर शहरातल्या केजीत घालायचं असलं तरीसुद्धा.

सोडून जाणं. आधी अर्धा तास मावशीकडे, मग शेजारी, मग जरा जास्त वेळ. चोरून पळू नका. मूल खेळात गुंतलं की हळूच सटकणं सोपं पडतं, पण पुढच्या वेळी ते खेळतच नाही, दाराकडे डोळे लावून बसतं. ‘जाते, डबा खाल्ला की येते’ म्हणा आणि त्याच वेळी या. अकरा वाजता येते म्हणून त्याला काय कळणार.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला बजावा, आजोबांसकट: ‘थांब, शाळेत जा, मग बाई बरोबर सरळ करतील’ हे वाक्य बंद. गमतीतही नको. ज्या बाईंची धास्ती घातली त्या बाईंकडे मूल शू मागायला जाईल का? दोन महिने दुकानात घेतलेली मेहनत या एका वाक्याने वाया जाते.

हाताची कामं पटापट सांगते. चड्डी इलास्टिकची, बटण-हुक नको. शाळेच्या संडासात एकदा नेऊन आणा, भारतीय बैठकीचा असेल आणि घरी कमोड असेल तर बसण्याची सवय आधी. डबा स्वतः विकत घेऊ नका, दुकानातच मुलाच्या हातात देऊन उघडायला लावा; उघडला तरच घ्या. तरी एखाद्या दिवशी अडकतोच, तेव्हा काय करायचं? मागायचं. वॉटरबॅगचं तेच. बूट वेल्क्रोचे. डब्यात पहिले दिवस पोळीचा रोल, केळं, असं न सांडणारं.

झोप. मे महिन्यात गच्चीवर बारापर्यंत जागरण चालतं, शेवटचे पंधरा दिवस रोज थोडं थोडं अलीकडे आणा. शाळा एकदा बाहेरून, एकदा आतून दाखवा. वस्तूंवर नाव. रिक्षावाल्या काकांची ओळख, त्यांनाही सांगा की मूल काही मागायला लागलं तर ऐकून घ्या.

पहिला आठवडा रडण्यात जाईल, फाटकावर रेंगाळू नका. घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं’ विचारू नका, उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. ‘आज बाईंना काय मागितलं?’ हे विचारा. दोन दिवस काहीच मागितलं नसेल तर तिसऱ्या दिवशी बाईंना जाऊन भेटा, भाजी बदलत बसू नका. दप्तरात जास्तीची चड्डी आणि प्लास्टिकची पिशवी, निदान दिवाळीपर्यंत.